नागप्पा मिस्त्रीचा न फुटणारा फोन

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नागप्पा मिस्त्रीला आपल्या लेकीशी दहा मिनिटं बोलायला मिळायचं. बाकीचा आठवडा तो त्या दहा मिनिटांवर काढायचा. ऋतुजा लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होती आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होती. तिथं मुलींना फोन ठेवायला बंदी. रविवारी वसतिगृहाच्या बाई आपल्या टेबलावरून एकेकीच्या घरी फोन लावून द्यायच्या, घड्याळाकडे बघत उभ्या राहायच्या आणि दहा मिनिटं झाली की पुढचीचं नाव पुकारायच्या.

या बाईंचं नाव केवळाबाई. त्यांना पावसाळ्यात अशी खबर लागली, की वसतिगृहातल्या तीन मुलींचे ‘पप्पा’ बावीस-तेवीस वर्षांचे आहेत. झालं. लगेच नवा नियम निघाला. यापुढे फक्त व्हिडिओ कॉल. आधी बाप बाईंना तोंड दाखवणार, बाई ते प्रवेश अर्जावरच्या फोटोशी ताडून बघणार आणि मगच मुलगी बोलणार. फोन ज्याचा त्याचा हवा, आणि दुसऱ्या रविवारी नंबर चालू दिसला तरच नोंद होणार.

नागप्पाकडे बटनांचा फोन होता. त्यात आवाज यायचा, तोंड दिसायची सोय नव्हती.

पहिल्या रविवारापुरती शेजारच्या दयानंद सरांच्या फोनवर बोलायची सवलत मिळाली. पण सरांचा फोन म्हणजे सरांचं अख्खं घर. सर, त्यांची बायको, दोन मुलं आणि सरांची आई असे सगळे फोनसमोर दाटीवाटीनं बसले. "जेवण कसं हाय गं तिथलं?" "अभ्यास झेपतोय का?" "जरा वाळलीस की." नागप्पाच्या वाट्याला एका कोपऱ्यात अर्धा कान आला. दहा मिनिटांत तो दोनदा "हं" म्हणाला आणि फोन बंद झाला. घरी येऊन तो बराच वेळ पायरीवर बसला. आपल्या पोरीशी आपल्याच घरात बसून बोलायचं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

तेव्हा फोन घेणं आलं. आणि नागप्पानं एखादी वस्तू घेणं म्हणजे सोपं काम नव्हतं.

तो मूळचा औसा तालुक्यातला. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या रात्री तो कामासाठी नांदेडात होता, म्हणून वाचला. गावातली दगडमातीची घरं पडली, त्यात त्याचे आईबाप गेले, थोरला भाऊ गेला. जाड जाड भिंती होत्या, दिसायला किल्ल्यासारख्या. आत नुसती माती. त्यानंतर पुनर्वसनाच्या घरांवर तो आठ वर्षं मिस्त्री होता आणि तिथं त्याला जी सवय लागली ती सुटली नाही. वीट असो, ब्लॉक असो, चार परीक्षा घेतल्याशिवाय तो भिंतीत जाऊ द्यायचा नाही. वाजवून बघायचं, आवाज खणखणीत आला पाहिजे. नखानं खरवडायचं, ओरखडा उठता कामा नये. कमरेच्या उंचीवरून खाली टाकायचं, फुटता कामा नये. आणि शेवटी रात्रभर पाण्यात ठेवायचं. पुढं कंधारला राहायला आल्यावर तो कलिंगडं, खुर्च्या, दरवाजे आणि एकदा तर लग्नाच्या मांडवाचा खांबसुद्धा वाजवू लागला. तो खांब त्यानं वाजवला आणि मांडवच पडला, तेव्हापासून कंधारात त्याला कुणी मांडवाजवळ उभं करत नसे.

स्वतःचं दोन खोल्यांचं घर त्यानं असं बांधलं होतं, की भूकंपानंच वळसा घालून जावं. बायको शिवगंगा चार वर्षांपूर्वी तापानं गेली. लेक लातूरला गेली. कंधारातल्या सर्वांत मजबूत घरात आता एकटा नागप्पा उरला होता आणि त्या भिंतींतून शेजारच्या घरातला आवाजही आत येत नव्हता.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं तो नांदेडला गेला आणि हनीफच्या मोबाईलच्या दुकानात शिरला. हनीफ तिशीचा, बोलका माणूस. लोक फोन घरबसल्या मागवू लागल्यापासून दुकानात माणूस आला की त्याला आनंदच व्हायचा.

"ये देखो चाचा. कॅमेरा लई भारी हाय. चार जीबी रॅम. दिवसभर व्हिडिओ बघा, अटकणार न्हाई."

"जाडी किती हाय?"

"जाडी? पातळ हाय की चाचा. आजकाल समद्यांना पातळच लागतंय."

"पातळ भितीचं काय होतंय ते म्या बगितलंय," नागप्पा म्हणाला. त्यानं फोन बोटाच्या पेरानं वाजवला, कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "बद्द वाजतोय. आत पोकळ हाय."

"फोन हाय चाचा, वीट न्हाई."

"अजून एक द्या असलाच. एकमेकावर वाजवून बघतो."

हनीफनं दोन्ही फोन घाईघाईनं मागे घेतले. मग त्यानं दुसरा दाखवला. तो नागप्पानं नीट उलटापालटा केला, कमरेपर्यंत नेला आणि सोडून दिला. हनीफनं काउंटरवरून झेप घेऊन तो जमिनीपासून वीतभर अंतरावर झेलला. शाळेत असताना तो विकेटकीपर होता. ते शिक्षण त्याच्या इतक्या उपयोगाला कधीच आलं नव्हतं.

"ऐसा नक्को करो चाचा! काच हाय त्याला."

"काच हाय तर मंग घेऊन काय करू? हातातून पडला म्हंजी?"

"पाडायचा न्हाई."

"भूकंपाला सांगता का तसं?"

हनीफनं तो फोन कपाटात ठेवला आणि पुढचा काढला. अशी तीन फोनांची झेलाझेली झाली आणि जुम्याच्या नमाजची वेळ झाली. शुक्रवारी तेवढा पाऊण तास हनीफची आई हाजराबी दुकानात बसायची. हनीफनं टोपी घातली आणि जाताजाता आईच्या कानात सांगितलं, "अम्मी, इनके हात में डब्बे का फोन नक्को देना. वो भायेर के रॅक में के दिखाव. उनकू कुछ नहीं होता."

बाहेरच्या रॅकमध्ये होते ते डमी. हुबेहूब फोनासारखे दिसणारे, पण आत काहीच नसलेले, नुसते शोभेचे तुकडे. हनीफ हे सांगायला विसरला असं नाही. आठवड्यात पाऊण तास दुकानात बसणाऱ्या आईला हे ठाऊक असेल, असं तो धरून चालला.

हाजराबीनं रॅकमधला एक काळा फोन काढून दिला. नागप्पानं वाजवला. खणखणीत. नख ओढलं. ओरखडा नाही. तो म्हातारीकडे बघत म्हणाला, "टाकून बघू का?"

"मेरा बेटा बोलके गया, कुछ नहीं होता," म्हातारी म्हणाली.

फोन फरशीवर आदळला, एकदा उडाला आणि निपचित पडला. नागप्पानं उचलला. कोपराही दबला नव्हता. पडद्यावरचा निळा डोंगर जिथल्या तिथं होता. त्यानं पुन्हा टाकला, या वेळी खांद्याच्या उंचीवरून. डोंगर हलला नाही.

"मटका बी ऐसाच बजाके लेना पडता भाई," हाजराबी कौतुकानं म्हणाली. "आजकाल के बच्चों को समजता नहीं. डब्बा देख के लेते."

नागप्पाला फार दिवसांनी आपल्या मताचं माणूस भेटलं. दोघांनी मग मडकी, विटा आणि हल्लीची पिढी या विषयांवर चांगला पाव तास काढला. शेवटी हाजराबीनं आतून त्याच फोनचा बंद डबा काढून समोर ठेवला आणि तिथंच नागप्पाचं सगळं आयुष्य आडवं आलं.

"ह्यो न्हाई," तो म्हणाला. "म्या टाकून बगितला तोच द्या."

"वोच है भाई. नया डब्बा है."

"मावशी, म्या आठ वर्षं सरकारी घरं बांधली. नमुन्याचा ब्लॉक दाखवायचे तो लोखंडासारखा. अन् ट्रकात यायचा तो बिस्किटावानी. नमुना एक अन् माल एक. तवापासून म्या नमुनाच घेतो."

हाजराबीला हे शंभर टक्के पटलं. तिनं डबा फोडला, आतला नवाकोरा फोन काढून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्याच्या जागी नागप्पानं पारखून घेतलेला तुकडा ठेवला. चार्जर दिला, वर एक कव्हर फुकट दिलं. "सिम हनीफ आके डालता, बैठो," असं ती म्हणालीही, पण कंधारची एसटी लागली होती. सिम घालायला गावात दयानंद सर होते. पेटीवर लिहिलेली किंमत मोजून, डबा धोतराच्या ओच्यात बांधून नागप्पा निघाला.

दयानंद सर मुदखेडला लग्नाला गेले होते ते रविवारी येणार होते. सिमशिवाय फोन चालत नसतो हे नागप्पाला माहीत होतं, त्यामुळे पडद्याला बोट लावून काही होत नाही याचं त्याला नवल वाटलं नाही. पडद्यावर घड्याळ दहा वाजून आठ मिनिटं दाखवत होतं. ते सर आल्यावर लावतील. बॅटरी मात्र काठोकाठ भरलेली होती. शनिवारी सकाळीही भरलेली होती, दुपारीही भरलेली होती.

"चार्ज करायचं कामच न्हाई," त्यानं मन्मथच्या हॉटेलात चहा पिताना सांगितलं. "दोन दिस झाले, एक काडीबी कमी न्हाई."

"असं कुठं असतंय का मिस्त्री?" मन्मथ म्हणाला.

नागप्पानं फोन दाखवला. आणि दाखवला म्हणजे टाकला. फोन फरशीवरून उडाला, बाकड्याखाली गेला, धूळ झटकून बाहेर आला. हॉटेलात सगळे उठून उभे राहिले. "अजून एकदा मिस्त्री," कुणीतरी म्हणालं. अजून एकदा झालं. मन्मथनं गेल्या दिवाळीलाच महागाचा फोन घेतला होता. नागप्पाच्या फोनाचं कौतुक ऐकून त्याला राहवलं नाही. "माझाबी काय कमी न्हाई," म्हणून त्यानंही आपला टाकला. त्याचे जे झाले त्याला तुकडे म्हणण्यापेक्षा चुरा म्हणणं बरं. त्यानं त्या दिवसापासून नागप्पाला चहा देणं बंद केलं. म्हणजे आठवड्यात नागप्पाशी बोलणाऱ्या माणसांतला आणखी एक कमी झाला.

चौथी परीक्षा राहिली होती. शनिवारी झोपताना त्यानं फोन पाण्याच्या बादलीत सोडला. सकाळी काढला, पुसला. दहा वाजून आठ मिनिटं. बॅटरी भरलेली.

रविवारी सकाळी त्यानं व्हिडिओसाठी दाढी केली. न्हाव्यानं "मिशाबी काढू का, फोटोत तोंड उजळ दिसतंय," असं विचारलं, तर त्यानं त्याही काढून टाकल्या. मग घरी येऊन फोन धान्याच्या डब्याला टेकवून उभा केला, समोर मांडी घातली आणि सराव करायला बसला. दहा मिनिटं वाया जाता कामा नयेत.

"कशी हायस बाळा?" त्यानं निळ्या डोंगराला विचारलं. "म्या बरा हाव. लिंबाला लिंबं लागली. शेंगाची चटणी करून ठेवलीया, कुणी येणारं असलं की पाठवतो. तुज्या मायचा फोटो पुसला. परवा मांजर घरात आलं हुतं, म्या हाकललं न्हाई." एवढं म्हणून तो थांबला. मांजराला हाकललं नाही, कारण घरात तेवढीच हालचाल होती. पण असलं काही पोरीला सांगायचं नसतं. तिचा अभ्यास बिघडतो. त्यानं मांजर यादीतून काढून टाकलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. घरात माणसाचा आवाज झाला, याचंच त्याला बरं वाटत होतं.

दयानंद सर पावणेचारला आले. त्यांनी फोन हातात घेतला, एक बटन दाबलं, दुसरं दाबलं, सिमची जागा शोधली. मग नखानं पडद्याचा कोपरा उचलला. निळा डोंगर कागदाच्या चिकटपट्टीसारखा निघून आला. खाली काळं प्लॅस्टिक होतं आणि मागचं झाकण काढल्यावर एक लोखंडी पट्टी. वजनासाठी घातलेली.

"मिस्त्री," सर फार हळू आवाजात म्हणाले, "हे दुकानात मांडायचं हाय. ह्यात फोन न्हाई."

नागप्पानं लोखंडी पट्टी हातात घेतली. ती पट्टी खणखणीत वाजत होती, यात काही खोट नव्हती. चार दहा झाले, चार वीस झाले. लातूरला केवळाबाईंनी व्हिडिओ लावला असेल, लागला नसेल, ऋतुजा टेबलाशी उभी असेल आणि पुढचीचं नाव पुकारलं गेलं असेल. सरांच्या फोनवरून वसतिगृहाला फोन लावला तर बाईंनी सरळ सांगितलं, "नोंदणीची मुदत संपली. आता दिवाळीनंतर." हनीफला लावला तर तो बिचारा रडकुंडीला आला होता. "चाचा, परवापासून शोधून राहिलो तुम्हाला. असली फोन हितंच हाय. कवाबी या, घेऊन जावा." पण दिवाळीपर्यंत त्या खऱ्या फोनाचं करायचं काय?

सोमवारी पहाटेच नागप्पा लातूरला निघाला. सोबत चटणीचा डबा आणि तो तुकडा, सरांनी डोंगर परत चिकटवून दिलेला. का बरोबर घेतला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

केवळाबाई फाटकातच भेटल्या. "भेट परीक्षेनंतर," त्या म्हणाल्या. "अन् तुम्ही कोण?"

"ऋतुजाचा बाप."

बाईंनी अर्ज काढला. फोटो बघितला, तोंड बघितलं. "ह्यात मिशा हायत."

"काढल्या. व्हिडिओसाठी."

बाईंच्या आयुष्यात पुष्कळ पप्पा आले होते, पण व्हिडिओसाठी मिशा काढून व्हिडिओशिवाय आलेला हा पहिलाच. त्यांनी फाटकाच्या जाळीतून पाच मिनिटं दिली.

ऋतुजा आली. नागप्पाची यादी डोक्यातून पार पुसून गेली.

"कशी हायस बाळा?"

"बरी हाय आप्पा."

नागप्पानं तीस वर्षं भिंती वाजवल्या होत्या. फोनात हेच दोन शब्द दोन महिने खणखणीत येत होते. जाळीतून आले ते बद्द आले. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि हाताची बोटं पेनाच्या शाईनं भरली होती.

"तुम्ही कसे हाव?" तिनं विचारलं.

"म्या बरा हाव की."

तीही मिस्त्रीचीच पोरगी होती. तिनं बापाच्या मिशी गेलेल्या ओठाकडे बघितलं आणि मान खाली घातली. चटणीचा डबा जाळीखालून आत गेला. पाच मिनिटांत त्यापेक्षा जास्त काही झालं नाही.

फाटक बंद झाल्यावर नागप्पाला लगेच स्टँडवर जावंसं वाटेना. कंधारला जाऊन करायचं काय? वसतिगृहाच्या शेजारीच आणखी एक वसतिगृह उठत होतं. लातुरात तेव्हा दर दोन घरांमागे एक वसतिगृह उठत होतं. सवयीनं त्यानं थप्पीतला एक ब्लॉक उचलला, वाजवला आणि कमरेवरून टाकला. ब्लॉकचे चार तुकडे झाले.

"ए, काय करून राहिलाव?" ठेकेदार बसवराज पळत आला.

"वरचा थर चांगला हाय, खालचा समदा कच्चा हाय," नागप्पा म्हणाला आणि एकामागून एक अकरा ब्लॉक फोडून दाखवले. भांडण चांगलंच रंगलं. बसवराजनं पोलिसांचं नाव काढलं, नागप्पानं भूकंपाचं. भूकंप म्हटल्यावर बसवराजनं फुटलेला एक तुकडा उचलून बोटांनी चुरगाळून बघितला. त्याचा चुलता भूकंपातच गेला होता.

"तुम्ही मिस्त्री हाव का?" त्यानं विचारलं. "मला असलाच माणूस पायजे. पोरांचे बाप येतेत अन् भिती ठोकून बघतेत हल्ली. उद्यापासून येता का?"

नागप्पानं वर बघितलं. तिसऱ्या मजल्याची बांबूंची परांची थेट मुलींच्या मागच्या सज्जासमोर होती. "आजपासूनच येतो," तो म्हणाला.

कंधारच्या मजबूत घराला कुलूप लागलं आणि नागप्पा कामावरच्या पत्र्याच्या शेडात राहू लागला. त्या पत्र्याची त्यानं एकही परीक्षा घेतली नाही.

रविवारी चारला ऋतुजा सज्जात कपडे वाळत घालायला आली. खाली एकेकीचं नाव पुकारलं जात होतं, तिचं येणार नव्हतं. समोर परांचीवर आप्पा उभा होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं, खिशातून तो काळा तुकडा काढला आणि कानाला लावला. ती बघतच राहिली. मग तिनं आत जाऊन कंपासपेटी आणली आणि आपल्या कानाला लावली.

मधे गल्ली होती, खाली काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. एकाचं दुसऱ्याला अक्षर ऐकू येणं शक्य नव्हतं. नागप्पानं लिंबाचं सांगितलं, चटणीचं सांगितलं, आणि मग मांजराचं सांगितलं. घर खायला उठतं, तेही सांगितलं. पलीकडे पोरगीही बोलत होती. खूप वेळ, भराभर. मधेच तिनं ओढणीनं डोळे पुसले, मधेच हसली. नागप्पा मान हलवत "हं, हं" म्हणत होता.

एवढ्यात केवळाबाई टेबल सोडून, बांधकामाचा जिना चढून धापा टाकत परांचीवर आल्या. "मिस्त्री! कुणाशी बोलून राहिलाव मुलींच्या सज्जाकडं बघून? आणा तो फोन इकडं."

नागप्पानं देऊन टाकला. बाईंनी बटनं दाबली, कानाला लावला, उलटा केला. डोंगराचा कोपरा सुटला होता, तो त्यांच्या नखाला चिकटून आला. बाई लोखंडी पट्टीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी समोर बघितलं. ऋतुजा कानाला कंपासपेटी लावून तशीच उभी होती, फोन ठेवायचा की नाही हे न कळल्यासारखी.

"ह्यात तर काहीच न्हाई की ओ," बाई म्हणाल्या.

"हाव. तिलाबी म्हाईत हाय."

 बाईंनी डोंगर अंगठ्यानं दाबून परत चिकटवला आणि फोन त्याच्या हातात दिला. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"चार वाजून अठरा मिनिटं झालीत," त्या म्हणाल्या. "अजून दोन मिनिटं हायत तुमची. त्याच्या वर चालायचं न्हाई."

आणि घड्याळाकडे बघत त्या तिथंच उभ्या राहिल्या.